मनी आली

१२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद गेल्या खेपेइतकेच, कमी केलेले नाहीत.

फोनवर बोललं की आपलं भांडण होतं, म्हणून तुझं-माझं बोलणं यापुढे पत्रातच, हे तू ठरवलंस. मान्य. पण मला पत्रातही भांडता येतं हे ध्यानात असू दे. रविवारी पाच मिनिटं तू लेकीशी फोनवर बोलतेस, तेव्हा मी तोंडाला कुलूप लावून शेजारी बसते. तेवढं पुण्य माझ्या नावावर धर.

तुझी भिंगरी मजेत आहे. नाव अगदी शोभतं तिला. दोन वर्षांची होती तेव्हा माझ्या मांडीवर ठेवून गेलीस, आता सहाची झाली आणि मांडीवर अर्धं मिनिट टिकत नाही. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे आणि स्वतः थेट माझ्या कामाच्या टेबलाखाली. तिथे कापलेल्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्यांची घरं बांधते. वर मलाच दम देते, "मावशी, पाय आवर, तू माझ्या शाळेवर उभी आहेस."

तू झुरळांचं विचारलंस. विचारणारच. "ताई, तुझ्या घरात माणसं कमी आणि झुरळं जास्त," असं जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होतीस, ते मी विसरलेले नाही. आहेत झुरळं. पुढे बाइंडिंगचं दुकान, मागे आपलं राहणं, मध्ये एक पडदा. दुकानात रोज पातेलंभर मैद्याची खळ शिजते, आणि ज्या खळीने पुस्तक चिकटतं तीच झुरळांना मेजवानी. बाबा खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे, तो निळा खडा कुटून. त्यामुळे त्यांच्या काळात झुरळ पुस्तकाच्या वाटेला जात नव्हतं. पण तुझ्या लेकीने इथे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पातेल्यात बोट बुडवून चाटलं. माझा जीव असा उडाला म्हणतेस! त्या दिवसापासून मोरचूद बंद. विष आहे ते, घरात पोर असताना कशाला ठेवा. तेव्हापासून झुरळांचं राज्य जरा वाढलंय एवढंच.

आणखी एक गंमत. आमच्याकडे मनी आली आहे. पहाटे येते, घुरघुर करते, उजाडलं की जाते. नाव भिंगरीनेच ठेवलं.

कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर इस्त्री धरून तुझा हात दुखतो म्हणालीस. शेकत जा.

तुझी ताई


३० नोव्हेंबर

चि. धाकटीस,

मनी आली हे वाचून तू एवढी खूश होशील असं वाटलं नव्हतं. "बरं झालं ताई, उंदीर तरी हटतील, आणि पोरीला सोबत झाली," असं लिहिलंस. रंग कोणता, दूध पिते का, नखं मारते का, हजार प्रश्न. तुला लहानपणापासून मांजराचं वेड, आणि बाबा घरात मांजर येऊ देत नव्हते. पुस्तकांवर नखं मारतं म्हणायचे.

रंगाचं काही सांगता येत नाही. अंधारात येते, अंधारात जाते. दूध पीत नाही. नखं असावीत.

भिंगरीला थोडी सर्दी आहे. सगळ्याच पोरांना आहे. काळजी करू नकोस.

ताई


२ डिसेंबर (हे पोस्टात टाकायचं नाही)

धाकटे, मांजर नाही ग. कुठलं मांजर!

मनी भिंगरीच्या छातीत आहे. गणवेश घालताना तिने पहिल्यांदा ऐकलं. शर्ट डोक्यात अडकलेला, आणि आतून म्हणते, "मावशी, माझ्यात मांजर बसलंय, ऐक." मी कान लावला. खरंच, थंडीत मांजर चुलीपाशी बसून घुरघुरतं तसा आवाज. आम्ही दोघी हसलो. तिने लगेच नाव ठेवलं. आठ दिवसांनी पहाटे उठून बसली, खांदे कानापर्यंत वर आणि गळ्याखालचा खळगा आत ओढला जातोय. बोलता येईना, तरी बोटाने छाती दाखवली. मग मी हसले नाही.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छाती ऐकली, पाठ ऐकली, आणि मग माझे हात पाहिले. नखांत खळ वाळलेली असतेच माझ्या. काय काम करता, राहता कुठे, झुरळं आहेत का, सगळं खोदून विचारलं. म्हणाल्या, "हा दमा आहे. झुरळांची घाण, त्यांची टाकलेली कात, सगळं वाळून धूळ होतं आणि पोरीच्या श्वासात जातं. धंदा तरी हलवा, नाहीतर पोरीला तरी."

मला राग आला. मी म्हटलं, "बाई, आमचं आयुष्य त्याच धुळीत गेलं, आम्ही नाही मेलो." त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही मेलात."

तोंडात धरून ओढायचा श्वासाचा पंप लिहून दिला. मनी आली की दोन फवारे, मध्ये दहा आकडे मोजायचे. भिंगरीला जमतं. मोठ्या माणसासारखी घेते.

दमा हा शब्द मी तुला लिहू शकत नाही. लिहिला तर दुसऱ्या दिवशी तू दारात उभी राहशील, तिचं बोट धरशील आणि जाशील. मला माहीत आहे ना तुझं नाक, रागाने लाल झालेलं. आणि तुझं काही चुकलेलंही नसेल. पण या घरात मग मी काय करू? मोठ्याने कुणाशी बोलू? तू मांजर समजलीस. मी खोटं कुठे बोलले? मी फक्त तुझी समजूत मोडली नाही.


१७ जानेवारी

चि. धाकटीस,

झुरळांशी लढाई सुरू केली आहे. तू जिंकल्यासारखं हसू नकोस.

आधी बोरिक पावडर पिठात मळून गोळ्या ठेवल्या, कपाटांच्या मागे, पोरीचा हात पोचणार नाही अशा जागी. चार दिवस मेलेली झुरळं झाडून काढली, पाचव्या दिवशी जिवंत. मग फवारणीवाला बोलावला. पाठीवर टाकी, तोंडाला फडकं, आव असा की युद्धावर निघालाय. दुकानातली खोकी हलवायला लागला तसा एका जुन्या गठ्ठ्यातून असा लोंढा निघाला की तो गडीच मागे सरला. त्याने मला एका पुस्तकाचा कणा उलगडून दाखवला. आत, माझ्या खळीच्या थरात, तपकिरी डाळीसारख्या डब्या चिकटलेल्या. झुरळाची अंडी. एकेका डबीत तीस-चाळीस. म्हणाला, "बाई, तुम्ही पुस्तकं बांधत नाही, यांना घरं बांधून देता. आधी खळ बंद करा, मग मला बोलवा."

फवारणीनंतर मी भिंगरीला दोन दिवस शाळा सुटल्यावर शेजारणीकडे बसवलं. तिसऱ्या दिवशी घरी आणली. त्या वासाने मनी दुपारचीसुद्धा येऊ लागली. म्हणून खिडक्या उघड्या, फडकी ओली करून जमीन पुसते, पुन्हा पुसते.

तयार गोंद आणून पाहिला. त्याचा वास फवारणीच्या वरचा. खळीत पुन्हा मोरचूद घालावा म्हटलं, तर भिंगरी शाळेतून आली की त्याच टेबलाखाली. काहीही करायला गेलं की दुसरं काहीतरी उलटतं. हात टेकले मी. चार दिवसांत झुरळं परत आली, आधीपेक्षा धीट. आता दिवा लावला तरी पळत नाहीत, मिशा हलवत बघतात.

मनीला सांभाळ म्हणतेस. सांभाळते आहे.

ताई


३ मार्च

चि. धाकटीस,

तुला खोली मिळाली, अभिनंदन. तिसऱ्या मजल्यावर, नव्या इमारतीत, ऊन येतं, भिंती कोरड्या, सगळं वाचलं. वाचून दाखवलंही. भिंगरी म्हणाली, "आईच्या घरात टेबलाखाली जागा आहे का?"

सुट्टीत पंधरा दिवस पाठव म्हणतेस. एवढ्या लांबचा प्रवास, तिकडचं पाणी, नवी जागा. शिवाय तू कामावर गेल्यावर ती एकटी. पुढच्या वर्षी मोठी होईल, तेव्हा बघू.

माझ्यावर चिडू नकोस. मी आपलं सोयीचं काय ते सांगितलं.

ताई


११ एप्रिल

धाकटे,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. "ती माझी मुलगी आहे, ताई." मान्य. बस बदलतात त्या थांब्यावर परवा तुझ्या हाती देते. तू म्हणतेस तसं.

हे पत्र तिच्या दप्तरात ठेवते. काही सूचना. झाडताना तिला बाहेर उभी कर. तळणीचा धूर नको. सर्दी लवकर होते तिला, पळवू नकोस फार. गळ्यात एक छोटी कापडी पिशवी असेल, तिच्यात तिचा खजिना आहे. उघडून पाहिलीस तर रागावते, तेव्हा पाहू नकोस.

चित्रं काढायला एक वही बांधून दिली आहे, जाड पानांची, निळं कापड. कणा मी दोनदा शिवलाय. पंधरा दिवसांत भरेल बघ.

ताई


२९ एप्रिल

धाकटे,

तुझ्या फोनला आठ दिवस झाले. तू दवाखान्यातून बोलत होतीस आणि एकच प्रश्न विचारलास, "ताई, तुझ्याकडे मांजर नव्हतंच ना?" मी गप्प राहिले आणि तू फोन ठेवलास. नंतर फोन लागत नाही. म्हणून उत्तर कागदावर देते. नव्हतं. सोबत डिसेंबरमधलं एक पत्र आहे, लिहून ठेवलेलं, न टाकलेलं. आता वाच.

थांब्यावर तू हसत विचारलंस, "मनीला कुणाकडे ठेवलंस ग?" मी म्हटलं, शेजारणीकडे. भिंगरी माझ्याकडे बघून खुदकन हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय. सरळ सरळ खोटं तेवढंच बोलले. बाकी सगळं न बोलून केलं.

बाकी तुझ्या शेजारच्या बाईंनी कळवलं. त्यांचा पत्ता तू मागे दिला होतास, मीच कार्ड टाकून विचारलं, त्यांना बोल लावू नकोस. दुपार होती. भिंगरी तुला म्हणाली, "आई, मनी आली." तू लाडाने म्हणालीस, "कुठाय? बघू." पलंगाखाली वाकून पाहिलंस. दार उघडून जिन्यात पाहिलंस. तिला आठवण येतेय मांजराची, असं वाटून तू बशीत दूध ओतलंस आणि दाराबाहेर ठेवलंस, "घे, आता येईल तुझी मनी." ती पुन्हा म्हणाली, आली, आली. मग ती बोलायची थांबली. तू मागे वळलीस तेव्हा ओठ निळे पडले होते.

धाकटे, ती बशी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू सगळं बरोबर केलंस. एका आईने करावं तसंच केलंस. मी तुला चुकीचं मांजर दिलं होतं.

तीन दिवस घशात नळी होती म्हणे. आता ती तुझ्याकडेच राहणार, माझं तोंडही पाहणार नाहीस, असा निरोप बाईंच्या कार्डावर होता. वाचला.

ताई


१० मे

धाकटे,

तुझं कार्ड आलं. अक्षर पाहून आधी वाटलं, राग निवळला. मग वाचलं. "ती पंप घेत नाही. मी समोर धरला की दात आवळते, मान फिरवते, जीव घाबरा होतो तरी तोंड उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, असं चाललं तर एखादे दिवशी दवाखाना गाठायला उशीर होईल. का घेत नाही? तुला माहीत असेल तर कळव."

कडू लागत असेल. वर पाणी दे. तुझ्या हाताची सवय नाही तिला. माझ्या हातून ती सहज घ्यायची, एका शब्दाने. तू म्हणशील तर मी येते. दोन-चार दिवस राहते, लावून देते सवय. किंवा थोडे दिवस इकडे पाठव, मी दुकान बंद ठेवीन, मागची खोली धुऊन काढीन. विचार कर.

तुझ्या खोलीत झुरळं दिसली असंही लिहिलंस. नव्या इमारतीत कुठून आली म्हणून नवल करतेस. ती निळी वही जाळून टाक. कणा उघडून पाहू नकोस, सरळ जाळ. तिचं दप्तरही.

ताई


२० मे

धाकटे,

तुझ्या शेजारच्या बाईंचं कार्ड आलं. सोमवारी पुन्हा दवाखाना. पुन्हा नळी. या खेपेला शुद्धीवर यायला वेळ लागला. डॉक्टर म्हणाले, छाती आता पहिल्यासारखी व्हायची नाही.

माझ्या मागच्या पत्रात पंपाबद्दल लिहिलेला शब्दन् शब्द लबाडीचा आहे. ती पंप का घेत नाही, हे मला तुझं कार्ड वाचतानाच कळलं होतं. दहा दिवस मी ते दाबून ठेवलं. म्हटलं, तू हरशील, आणि पोरगी माझ्याकडे येईल. दहा दिवस मी तिच्या श्वासावर सौदा करत होते. हे लिहिताना अक्षर एवढं सरळ येतंय, याचीच मला किळस येते.

आता ऐक. निघायच्या दिवशी सकाळी मी तिला टेबलाखालून बाहेर काढलं, पंपाची पिशवी गळ्यात घातली आणि म्हटलं, "पंप आईला दाखवायचा नाही. आई समोर असताना काढायचा नाही. ती बाहेर गेली की घ्यायचा." तिने विचारलं, "का?" मी म्हटलं, "आईला कळलं तर ती तुला परत पाठवणार नाही." ती विचारात पडली. मला भरवसा वाटेना. पोरच ते, कधी बोलून जाईल नेम नाही. म्हणून मी तिचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला.

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

तिने हात काढला नाही. विचारलं, "मोडली तर काय होतं?"

आपण लहानपणी उठल्या-बसल्या गळ्याच्या शपथा घालायचो. बोरं कुणी खाल्ली, पेन्सिल कुणी घेतली. तू तर दिवसाला दहा मोडायचीस आणि मी ठणठणीत. त्याच थाटात मी हसून म्हटलं, "मोडली तर मी मरेन."

ती हसली नाही, धाकटे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तिने मान हलवली आणि पिशवी फ्रॉकच्या आत सारली.

बाईंच्या कार्डावरून कळलं, पहिले आठ दिवस तू अर्धा दिवस कामावर जात होतीस. तू गेलीस की ती पंप घेत असणार, म्हणून तुला काही जाणवलं नाही. नवव्या दिवशी तू तिच्यासाठी पूर्ण सुट्टी काढलीस. सकाळपासून तिच्यासमोरून हलली नाहीस. वेणी घातलीस, गोष्टी सांगितल्यास. आणि ती वाट पाहत बसली, तू खोलीबाहेर कधी जाशील याची. पंप तिच्या गळ्यात होता, तुझ्यापासून हातभर अंतरावर. तू बशी ठेवायला दारापर्यंत गेलीस, पण पाठमोरी, आणि दार उघडं. तेवढ्यात तिला जमलं नसेल. किंवा तिने धरलंच नसेल ते बाहेर जाणं. ती फार प्रामाणिक आहे. खेळातसुद्धा रडीचा डाव खेळत नाही.

मला वाचवायला ती स्वतःच्या श्वासावर पाणी सोडत होती. आजही तोच उद्योग चालू आहे तिचा. तू समोर पंप धरतेस आणि तिला वाटतं, तोंड उघडलं की मावशी मेली.

तू तिला शंभर वेळा समजावलंस तरी ती ऐकणार नाही. शपथ ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते. त्यानेच म्हणायचं असतं, "सुटली." तुला आठवत असेल. तू रडून माझ्याकडून म्हणून घ्यायचीस.

मला तिथे येऊ देऊ नकोस. तो हक्क मी मागत नाही. फक्त फोन कर आणि तो तिच्या कानाला लाव. पंप हातात तयार ठेव.

हे पत्र मिळाल्यावर तू मला काय म्हणशील ते मी आधीच स्वतःला म्हणून झालं आहे. पण तू म्हण. तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलं आहे.

ताई


२७ मे

धाकटे,

काल चार वाजता फोन वाजला तेव्हा मी पुठ्ठे कापत होते. तू काहीच म्हणाली नाहीस मला. शिवी नाही, शाप नाही. इस्त्रीच्या पाट्यासारखा सपाट आवाज. "समोर आहे ती. छाती सकाळपासून भरलीय. तो एक शब्द म्हण. दुसरं अक्षर काढलंस तर फोन ठेवीन."

मग फोन सरकल्याचा आवाज, आणि तिची घुरघुर. मी ती ओळखली. किती दूरवरून आली तरी ओळखली असती.

मी म्हटलं, "सुटली."

"मावशी? तूच ना?"

"सुटली."

"तीनदा म्हणायचं असतं," ती म्हणाली. मध्ये दोनदा थांबून म्हणाली, एवढं छोटं वाक्य. शाळेत हे कुणी शिकवलं कोण जाणे. मी तिसऱ्यांदा म्हटलं.

"मग आता तू नाही ना मरणार?"

तुझी अट होती. मी दातांत पदर धरला. ती उत्तराची वाट पाहत राहिली, आणि मग मी ऐकलं, एक फवारा. तिचं मोजणं ऐकलं. चारपर्यंत आकडे, पुढचे नुसते श्वास. मग दुसरा फवारा. तू रडत होतीस का? मला वाटलं, रडत होतीस.

थोड्या वेळाने तिचा आवाज जरा मोकळा झाला. म्हणाली, "मावशी, मला न्यायला कधी येतेस? आई म्हणते कधीच नाही. खोटं बोलतेय ना ती?"

मी थांबले. फोन बंद होईल म्हणून थांबले. पण तू बंद केला नाहीस, धाकटे. एवढा वेळ गेला, तू केला नाहीस. मला समजलं की तू मला बोलायला जागा देते आहेस. येते ग बाळा, असं दोन शब्दांत म्हणता आलं असतं. तू कदाचित माझा तो शब्द खोटा पाडला नसतास. रागावलीस तरी मनाने मऊ आहेस तू, लहानपणापासून.

मी म्हटलं असतं तर ती रोज दाराकडे बघत बसली असती. आणि इथे आली असती तर काय मिळालं असतं तिला? आज सकाळीच खळीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, आत तीन. मी बाबांच्या वेळेसारखा मोरचूद घातला आता, भरपूर घातला. आता कोण चाटणार आहे? पण ती भिंतींत आहेत, फटीफटींत आहेत, बांधून झालेल्या शेकडो पुस्तकांच्या कण्यांत बसून लोकांच्या घरोघरी गेली आहेत. मी मेल्यावरही ती असतील. हे घर आता कुठल्याच पोराच्या कामाचं नाही.

मी फोन ठेवला.

ती तुला विचारेल. कदाचित विचारलंही असेल, तूच ठेवलास म्हणून तुझ्यावर रुसली असेल. तेव्हा तिला खरं सांग. आईने नाही, मावशीने ठेवला. उत्तर न देता ठेवला. मावशीला यायचं नव्हतं, असंही सांग. राग तिला कुणाचा तरी करावाच लागणार आहे, तर माझा करू दे. तिला तुझ्याजवळ राहायचं आहे. तिला रोज तुझ्यासमोर तोंड उघडायचं आहे.

ताई